युकोच्या मांगातलं घर

मंडळी, आत्ताच इथल्या एका मराठी डॉक्टरांकडून जेवून आले. चिडले आहे, म्हणून लगेच ईमेल-गटावर लिहिते.

त्यांच्याकडे युको नावाची जपानी विद्यार्थिनी राहते. तिच्या आईने तिला मांगा पाठवला आहे, म्हणजे एका साध्या कुटुंबाच्या रोजच्या जगण्याची चित्रकथा. युको तो कौतुकाने दाखवत होती. चित्रांत टीव्हीवर क्रोशाचं कव्हर, त्यावर बाहुली, फोनला झालरीचा फ्रॉक, भिंतीवर दुकानदाराने दिलेलं कॅलेंडर.

"शी, काय ही टेस्ट!" डॉक्टरांची बायको मराठीत म्हणाली. "आणि जपानी म्हणे सौंदर्याचे भोक्ते!"

सगळे हसले. युकोला शब्द कळले नाहीत, हसणं कळलं. तिने पुस्तक मिटलं.

या लोकांना जपान म्हणजे रिकामी खोली आणि त्यात एकच फूल हवं. माणसं राहतात तसं घर दिसलं की नाकं मुरडतात. स्वतःच्या शोकेसमध्ये मात्र कधीच न वापरलेला डिनर सेट!

मी म्हटलं, "वहिनी, आमच्या टीव्हीवर असंच कव्हर आहे. आईने विणलंय."

"अगं, तुझं वेगळं," त्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या. "घरातली पहिली ग्रॅज्युएट तू. त्यातून बाहेर पडलीस ना!"

जणू आई म्हणजे एखादा आजार.

आई पुढच्या महिन्यात माझ्याकडे येते आहे. याच वहिनींना भेट द्यायला तिने तसंच एक कव्हर विणायला घेतलंय. खरं सांगा, तिला विणू देऊ, की थांबवू?