फळीवर चालवलेले उंदीर

गेल्या शनिवारी लॅबमधली आमची अख्खी बॅच वाया गेली. आणि माझी चांगलीच जिरली...

मी नागपुरात फार्मसीत पीएचडी करते. मेंदूला इजा केलेले उंदीर औषध दिल्यावर पुन्हा चालतात का, ते बघायचं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलंय, हे शेवटपर्यंत मलाही माहीत नसतं.

असलं काम का घेतलं, त्याचं कारण घरी मनीषनगरला पलंगावर आहे. आठ महिन्यांपूर्वी बाबा स्कूटरवरून पडले, डोक्याला मार लागला, डावी बाजू गेली. "थांबा बाबा, औषध येतंय," असं मी त्यांना रोज सांगायचे.

शनिवारी कुणाला काय दिलंय, तो कोड उघडला. सगळ्यात छान चालणारे पाचही उंदीर... मिठाच्या पाण्याचे!

उंदरांचं खाणंपिणं, साफसफाई गजाननभाऊ बघतात. कन्हानहून येतात, साधा माणूस. विचारलं तर मान खाली घालून म्हणाले, "म्याडम, जे जास्त लंगडत होते न, त्याईले मी रोज सकाळी फळीवर चालवत होतो. पाहवत नव्हतं मले."

मी इतकी भडकले... नको नको ते बोलले त्यांना. इतक्या महिन्यांची मेहनत गेली होती. प्रयोग संपल्यावरच्या नियमाप्रमाणे सगळे उंदीर मारावे लागले, माझ्याच हातांनी. ते पाचही. गजाननभाऊ बाहेर पायरीवर बसून होते.

घरी येताना मात्र बाबांचे सुरुवातीचे दिवस आठवले. बाबांचा व्यायाम घ्यायला एक ताई यायच्या. बाबा कळवळायचे, रडायचे. दुसऱ्याच महिन्यात "उद्यापासून येऊ नका" असं ताईंना मीच सांगितलं होतं.

पाहवत नव्हतं मलाही. पण गजाननभाऊंनी चालवलं, आणि मी झोपवून ठेवलं.

एका बॅचवरून काही सिद्ध होत नाही, कळतं मला. पण बाबांचे सहा महिने गेले ते गेलेच...

त्याच संध्याकाळी ताईंना फोन केला. बाबांचे डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, फार आशा ठेवू नका. सोमवारी गजाननभाऊंची माफी मागितली. त्यांनी आधी बाबांची तब्येत विचारली... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊ, तुमचे उपकार आहेत.

काल ताईंनी आणि मी बाबांना काखेत हात घालून उभं केलं. डावा पाय नुसता फरफटत होता.

"काहून छळून राहिली वं मले?" बाबा ओक्साबोक्शी रडायला लागले.

मीही रडले. पण सोडलं नाही.