शैलाताईंचा जप्तीचा डबा

तमाम मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोत, सातव्या मजल्यावर, एक खासगी न्यायालय भरत असे. न्यायाधीश, शिपाई आणि जप्ती अधिकारी एकच: आमच्या शेजारीण शैलाताई.

पाहुण्यांपुढे दारातच तांदळाचा जुना डबा यायचा. "फोन टाका. जाताना परत." रॅफल्स प्लेसच्या बँकांतले बडे साहेबही निमूट टाकायचे. एकदा बॉसशी वाजल्यावर मी तावातावाने राजीनामा लिहीत बसलो, तर ताईंनी लॅपटॉपच उचलून नेला. "शिक्षा नाही हो ही. ताप उतरेपर्यंत आंबट बंद, तसं." सोमवारी लॅपटॉप परत. नोकरी वाचली, तिच्यावर टिकलेला सिंगापूरचा वर्क पासही वाचला.

मग एका दिवाळीच्या तोंडावर प्रकरण घरावरच आलं. ताईंच्या अमेरिकेतल्या धाकट्या भावाने, मिलिंदने, बायको गेल्यावर पिस्तूल आणलं. फोनवर म्हणाला, "ताई, आता जगायचं कुणासाठी?"

ताईंनी आरडाओरडा केला नाही. त्याच्या राज्यात घरचं माणूस कोर्टाला विनंती करून असं हत्यार काही काळ काढून घ्यायला लावू शकतं, एवढं शोधलं, तिथला वकील गाठला आणि फोनवरून साक्ष दिली. पोलीस पिस्तूल घेऊन गेले. मुदत एक वर्ष.

मिलिंदचा एकच फोन आला. "भावाविरुद्ध कोर्टात जातेस? संपलं. मला बहीण नाही." त्यानंतर ताईंचा एकही फोन त्याने उचलला नाही.

"नसू दे मला भाऊ," चकल्या तळता तळता ताई म्हणाल्या, "पण तो असू दे."

त्या भाऊबीजेला त्यांनी बाल्कनीतून चंद्राला ओवाळलं. चंद्रही समोरच्या ब्लॉकमागे दडलेला. माझ्या बायकोने कठड्यावर ओणवून शोधून दिला.

पुढच्या वर्षी ताम्हण घेऊन त्या पुन्हा बाल्कनीकडे निघाल्या आणि बेल वाजली. दारात मिलिंद, हातात बॅग.

"मुदत संपली, ताई. मी ते परत आणायला गेलो नाही."

ताईंनी पाट मांडला, त्याला बसवलं. निरांजन लावून ताम्हणात ठेवलं. आम्ही सगळे पापण्या पुसायच्या तयारीत. एवढ्यात मिलिंदच्या खिशात फोन वाजला आणि त्याचा हात तिकडे गेला.

"खबरदार!" ताई कडाडल्या. "वर्षभर माझा उचलला नाहीस, आता कुणाचाच उचलायचा नाही. टाक डब्यात!"