टॉर्चचे दोन सेल

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी, पुण्याच्या विमानतळावर, मामांच्या मोठ्या बॅगेतून चार्जिंगचे दोन सुटे लिथियम सेल काढण्यात आले. विमान सुटायला पाऊण तास होता. दिल्लीला मामांच्या लेकीकडे दुसऱ्या दिवशी बारसं होतं. मामांचा हा पहिलाच विमानप्रवास होता, म्हणून मी सोबत निघालो होतो.

बॅग मी भरली होती, आदल्या दिवशी, वरवंडला. मामांनी टॉर्च आणि जादा सेल आणून दिले.

"दिल्लीत बिबट्या नाही, मामा."

"तिथं न्हाई. पण परत आल्यावर फाट्यापासनं मळ्यापर्यंत चालायचंय. तवा तू येणार हायेस व्हय सोबतीला?" मग सेल हातात धरूनच ते म्हणाले, "आरं, तूच लिवलं हुतंस ना पेपरात? सुटं सेल हातातल्या बॅगेत ठेवायचं म्हणून?"

लिहिलं होतं. मी दौंडहून पेपरचं शिरूर-दौंडचं पान बघतो. परदेशात एका विमानात पॉवर बँक पेटल्याच्या बातमीसोबत नियमांची चौकट मीच केली होती. सेलच्या टोकांना धातू टेकला तर तो तापून पेटतो, हेही तिच्यात होतं. मामांनी ते पान जपून ठेवलं होतं.

"एवढं कोण बघतं?" मी म्हणालो. हातातली बॅग भरली होती. सेल मी मोठ्या बॅगेत टाकले, घराच्या किल्ल्या होत्या त्याच कप्प्यात.

सामान देताना काउंटरवरच्या मुलीने बॅटरी, पॉवर बँक आहे का, असं विचारलं. मामा माझ्याकडे बघत होते. मी "नाही" म्हणालो.

वीस मिनिटांनी मामांच्या नावाचा पुकारा झाला. आम्ही दोघे गेलो. अधिकाऱ्याने किल्ल्या आणि सेल टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"बॅग कोणी भरली?"

मी टेबलावरच्या किल्ल्यांकडे बघितलं.

"म्याच, साहेब," मामा म्हणाले.

"काका, हे खाली सामानात पेटलं असतं तर विझवायला कोण जाणार होतं? पेपर वाचत नाही का?"

"वाचतो की. चुकलं माझं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि सही कुठे करायची ते विचारलं.

सेल जमा झाले. विमान वेळेवर सुटलं. सेल जमा केल्याच्या कागदावर 'बॅग भरणारा' या रकान्यात मामांची सही आहे. 'साक्षीदार' या रकान्यात माझी.