नदीपुढे चालणारे येफ्ता भावोजी

लोक काय, तोंडाला येईल ते बोलतात. शेजारच्या पेत्रुसची बायको परवा मला म्हणाली, "तुझ्या भावोजींनी नदी अडवली." मी तिला म्हटलं, बाई, तुझ्या घरापर्यंत तरी नदी कधी नीट आली होती का गं? ती पाय आपटत निघून गेली. पण रात्रभर मला काही झोप आली नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. निम्मं खरं होतं ते. उरलेलं निम्मं मलाच ठाऊक आहे.

येफ्ता म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रेगिनाचे, यजमान. उंच, वाळक्या शेंगेसारखे, आणि कमालीचे हट्टी. कुईसेब नदीच्या काठावर आमच्या शेवटच्या वस्तीत चार घरं, त्यातलं सगळ्यात खालचं घर त्यांचं. अलीकडे खडीचं माळरान, पलीकडे वाळूचे डोंगर, आणि मधे नदीचं कोरडं पात्र. नदी वर्षातून एकदा, उन्हाळ्यातल्या पावसात येते, तीही आली तर. वर डोंगरात पाऊस झाला की पाण्याचं तोंड पात्रातून माणसाच्या चालीने खाली सरकत येतं. वाळू ते पीत राहते. कुठल्या वर्षी ते कुठपर्यंत पोचेल, कोणी सांगावं!

त्या तोंडापुढे सगळ्यात खालच्या घरचा कर्ता माणूस चालतो. हातात काठी, पाय कोरडे. मागे वळून बघायचं नाही. स्वतःच्या दारासमोर पोचला की मग वळायचं, ओंजळभर पाणी कपाळाला लावायचं आणि म्हणायचं, "आलीस? बस." भावोजी पंचवीस वर्षांचे असल्यापासून हे करत आले. त्यांची चाल अशी, की पाणी टाचेपासून दोन हातांवर असायचं, पण टाच कधी भिजायची नाही. लहानपणी आम्ही मुली काठावरून ओरडायचो, "भावोजी, भिजलात! भिजलात!" ते ढिम्म. रेगिना मात्र दारात उभी राहून लाजायची. नवऱ्याचा एवढा तोरा तिला वर्षातून एकदाच बघायला मिळायचा ना.

दुसरा नियम असा, की ज्याच्या दारासमोरचं पात्र, ते त्यानेच साफ ठेवायचं. उन्हाळ्याच्या आधी लाकूडफाटा, मेलेली झुडपं, सगळं काढून टाकायचं. पात्रात आडवं काही घालायचं नाही. हे आमच्याकडे पोराला बोलता यायच्या आधी शिकवतात.

यंदा नदी आमच्या वळणापर्यंत येऊन नऊ वर्षं झाली होती. भावोजींचा झिरा, पात्रात खणलेला, पुरुषभर खोल, आधी आटला आणि मग खारा झाला. साठ शेळ्या होत्या, अकरा उरल्या. आना झाडांना शेळ्यांपुरत्याही शेंगा धरेनात, आम्ही खातो त्या नाराच्या वेलींवर फळं येऊन बोराएवढीच राहायची. भावोजी रोज सकाळी काळा चहा पिता पिता वरच्या मळेवाल्यांना शिव्या घालायचे. "धरणं बांधलीत मेल्यांनी! आमचं पाणी अडवून स्वतःची मेंढरं न्हाऊ घालतात!" पेत्रुस म्हणायचा, "येफ्ता, त्यांना ऐकू जात नाही इथून." भावोजी म्हणायचे, "म्हणून तर मोठ्याने घालतो."

त्यांची मुलगी लेविना शहरात मासळीच्या कारखान्यात आहे. दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला तेच, "बाबा, चला." ते म्हणायचे, "तिथे वाळू कुठे आहे?" ती म्हणायची, "बाबा, वाळूच आहे तिथे, पण नळ पण आहे." शेवटी गेल्या हिवाळ्यात बापलेकीत ठरलं. या उन्हाळ्यात पाणी दारापर्यंत आलं, तर झिरा गोडा होईल, शेळ्या जगतील आणि भावोजी राहतील. नाही आलं, तर मुकाट्याने गाडीत बसतील. भावोजींनी हो म्हटलं. मी तिथेच होते. त्यांना वाटलं होतं, नऊ वर्षं रुसली, दहाव्या वर्षी बाई ऐकेल.

आणि फेब्रुवारीत, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, फोन आला. वरच्या वस्तीवरून पेत्रुसचा भाचा ओरडत होता, "निघाली! जोरात आहे! झाडं वाहून आणतेय!" भावोजींनी काठी उचलली. टोपी उलटी घातली होती, मी सरळ केली. "त्रिना," मला म्हणाले, "घरात साखर आहे का बघ. लोक येतील." सत्तरी उलटलेला माणूस, आणि चेहरा बघावा तर नवरदेवाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या वळणापाशी पाण्याचं तोंड दिसलं. फेसाळ, मातकट, पुढे काटक्या आणि वाळक्या पानांची कड. सळसळ ऐकू येत होती. भावोजी त्याच्यापुढे आले आणि चालायला लागले. पेत्रुसची गाढवगाडी काठाने चालली होती, तिच्यात बायका. लेविना आदल्या संध्याकाळीच शहरातून आली होती, तिची गाडी दारात उभी होती. मनातून तिलाही पाणी यावंसंच वाटत होतं. मला म्हणाली, "मावशी, आलं तर बरंच गं. मला काय हौस आहे म्हाताऱ्याला तिथल्या पत्र्याखाली कोंडायची?"

पेत्रुसचं घर मागे पडलं. "येफ्ता, जरा पाय उचल, सासुरवाडीला निघालास का?" पेत्रुस ओरडला. भावोजी न वळता म्हणाले, "तुझी गाढवं आवर, पाणी पितील ती माझं." सगळे हसले. मीही हसले. इतकं हसू मला पुन्हा आलेलं नाही.

त्यांच्या दारापासून तीनेकशे पावलांवर वळणाच्या तोंडाशी पात्रात आडवा एक वाळूचा बांध होता. कमरेएवढा उंच, या काठापासून त्या काठापर्यंत. आम्हाला तो रोजचाच. पलीकडचे डोंगर हातपाय पसरतात, नदी आली नाही की जास्तच पसरतात. आणि नदी आली की वाळूला घेऊन जाते, हे तर पोरासोरांनाही माहीत आहे. भावोजी त्या बांधावर चढले, पलीकडे उतरले आणि चालत राहिले. पाणी बांधाला येऊन टेकलं.

टेकलं आणि थांबलं. फेस चढला, काटक्या गोळा झाल्या. आम्ही वाट बघत होतो, की आता फुटेल. कडेची वाळू ढासळायला लागली, आणि आतून फांद्या दिसल्या. आना झाडाच्या जाड फांद्या, एकमेकींत गुंतवलेल्या, तारेने बांधलेल्या. त्यांनी वाळू घट्ट धरून ठेवली होती. पाणी त्या फांद्यांवरून हात फिरवत बसलं, आणि मग हळूच उजवीकडे वळलं. उजवीकडे काठ खचलेला होता. त्याच्यापलीकडे खारी सपाटी. तिथे पडलेलं पाणी कोणाच्या कामाचं नाही.

त्या फांद्या तिथे कशा आल्या, हे आता सांगितलंच पाहिजे.

पाच वर्षांपूर्वी रेगिना आजारी होती. छातीत खोकला बसलेला. घरात तिचा जीव घुसमटायचा, म्हणून दिवसभर पात्रात झिऱ्याजवळच्या झाडाखाली पडून असायची. हिवाळ्यात पूर्वेचा वारा सुटला की पात्रातून नुसती वाळू धावत यायची. तिच्या तोंडात, डोळ्यांत, कपातल्या दुधात वाळू. मी भावोजींना म्हटलं, वर वळणाशी आडवं कुंपण घाला. ते म्हणाले, "पात्रात आडवं घालत नाहीत, त्रिना." मी तीन दिवस त्यांना सोडलं नाही. म्हटलं, "तुम्हाला बायको हवी की पात्र? सांगा एकदाचं! ती खोकून मरतेय आणि तुम्ही रिवाज कुरवाळत बसा!" वाट्टेल ते बोलले मी. नामर्दसुद्धा म्हटलं. चौथ्या दिवशी त्यांनी कुऱ्हाड उचलली. फांद्या मी ओढल्या. तार मी आणली. वस्तीवर तेव्हा रेगिना आणि आम्ही दोघंच होतो, पेत्रुस आणि त्याचे भाऊ घरच्यांसह नाराच्या फळांच्या हंगामाला खाली गेले होते. ते परत आले तोवर वाऱ्याने अर्धं कुंपण पुरलंही होतं.

रेगिना तरीही गेली. दोन महिन्यांत. नंतर भावोजी फावडं घेऊन निघाले होते कुंपण उपटायला. मीच म्हटलं, "असू द्या हो. कशाला कंबर मोडून घेता? नदी आली की नेईल." माझंही काळीज तेव्हा ठिकाणावर नव्हतं. त्या फांद्यांना हात लावायचा म्हणजे तिचं ते शेवटचं पांघरूण ओढून काढल्यासारखं वाटायचं मला. ते थांबले. मग वाळूने सगळं झाकलं आणि आम्ही ते विसरलो. खरंच विसरलो.

भावोजी तोवर पुढे चालतच होते. मागे वळायचं नसतं ना. सळसळ बंद झाली ती त्यांना ऐकू आली असणार, कारण त्यांची चाल मंदावली. तरी वळले नाहीत. तसेच दारापर्यंत गेले, उभे राहिले आणि मग वळले. तीनशे पावलं कोरडी वाळू आणि तिच्या टोकाला आम्ही.

मग ते धावले. त्या वयात! फावडं घेऊन आले आणि बांधावर तुटून पडले. पेत्रुस उतरला, त्याचे भाऊ उतरले, लेविना चप्पल टाकून हातांनी उपसायला लागली. मीही. पण बांध चाळीस पावलं लांब, आत फांद्यांचं जाळं. एक फांदी उपटावी तर वरची वाळू खाली यायची. भावोजी फावडं मारत बडबडत होते, "सरक, सरक गं बाई, एवढंच राहिलंय." दुपारपर्यंत पाण्याला उतार लागला. वरून येणारंच कमी झालं. संध्याकाळी बांधाच्या अलीकडे नुसता चिखल होता आणि खाऱ्या सपाटीवर आभाळ दिसेल एवढं तळं. शेळ्या तिकडे धावल्या, वास घेतला आणि परत आल्या. दैव देतं नि कर्म नेतं म्हणतात, ते असं.

लेविनाच्या हातात तारेने बांधलेली एक फांदी होती. हात रक्ताळलेले. ती सगळ्यांदेखत ओरडली, "हे कुणी घातलं? बाबा? पात्रात आडवं कुंपण? जन्मभर लोकांना नियम सांगितलेत तुम्ही! वरच्या मळेवाल्यांना शिव्या दिल्यात! कुणी घातलं हे?"

भावोजींनी फावडं खाली ठेवलं. एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मीच. माझंच डोकं फिरलं होतं."

आणि मी? मी, जिची जीभ पाद्रीबाबापुढेही थांबत नाही, जिने या माणसाला नामर्द म्हटलं होतं, ती मी झग्याला लागलेला चिखल झटकत उभी राहिले. चारचौघांत माझी लाज वाचली. त्यांची गेली.

तिसऱ्या दिवशी ते गाडीत बसले. शेळ्या पेत्रुसने ठेवून घेतल्या. सामान म्हणजे दोन गोधड्या, एक किटली आणि रेगिनाचा पितळी चमचा. काठी दाराशीच टाकली होती. मी ती उचलून द्यायला गेले तर म्हणाले, "कशाला? तिथे काय नळापुढे चालू?" कोणी हसलं नाही.

शहरात ते सात महिने जगले. मी दोनदा भेटून आले. पत्र्याच्या खोलीबाहेर पाटावर बसून रस्त्याकडे बघत असायचे. लेविना कामावरून आल्यावर त्यांना मक्याचं पीठ शिजवून द्यायची, दोन घास खायचे आणि ताट बाजूला सरकवायचे. मी दुसऱ्या खेपेला ठरवूनच गेले होते, की आज लेविनाला सगळं सांगायचं. भावोजींना तसं म्हटलं तर ते पटकन म्हणाले, "राहू दे, त्रिना. तिला एक तरी माणूस शहाणं वाटू दे आपल्यातलं." आणि मी राहू दिलं. मला तेवढंच निमित्त हवं होतं, नाहीतर मी कोणाचं ऐकणारी?

त्यांना तिथल्याच दफनभूमीत पुरलं, समुद्राच्या बाजूला, धुकं इतकं की खड्डा नीट दिसेना. माती टाकून लोक पांगले. लेविना माझा हात धरून उभी होती. रडून रडून आवाज बसला होता तिचा. म्हणाली, "मावशी, शेवटी शेवटी मी त्यांच्याशी नीट बोललेसुद्धा नाही गं. त्या कुंपणाचा राग जातच नव्हता माझ्या मनातून. इतका जाणता माणूस, का घातलं असेल त्यांनी ते?"

"काय माहीत, बाई," मी म्हटलं.