किडनी ट्रेमधला जोगवा

पाय सुजलेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझा सूर चिरचिरा वाटला तर कुणी मनावर घ्यायला नको. सारा जन्म उभ्यानं गेला. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत आणि तुळजापूर भागातल्या एका सरकारी रुग्णालयात बायकांचा सर्जरी वॉर्ड माझ्याकडं आहे. वॉर्डात खाटा भरपूर, खाटांवर आणि खाटांखाली माणसं त्याहून भरपूर, आणि सिस्टर म्हणाल तर एक मी आणि एक ती, जी नेमकी आज रजेवर असते.

दरवर्षी नर्सिंगच्या नव्या मुली आमच्याकडं शिकायला येतात. हातात दिवा घेऊन शपथ घेतलेली असते, डोळ्यांत अजून त्या दिव्याचा उजेड असतो. चार दिवस बेडपॅन उचलले की तो आपोआप मंदावतो. त्यांना मी पहिल्याच दिवशी एक नियम सांगते. पेशंटकडून काही घ्यायचं नाही. पेढा नाही, केळं नाही, चहाचा घोट नाही.

नियम माझा नव्हे, आमच्या मॅट्रनबाईंचा. त्या केरळकडच्या. मराठी बोलताना प्रत्येक वाक्य जरा लंगडायचं, पण सांगायच्या ते पक्कं असायचं. त्यांनी आम्हाला या पेशाचा इतिहास सांगितला तो पुस्तकातला नव्हता. त्या म्हणायच्या, आपल्या देशात चांगल्या घरची म्हणवणारी माणसं पोरीला या कामाला पाठवत नव्हती. आल्या त्या नवऱ्यानं टाकलेल्या, विधवा झालेल्या, मिशनमध्ये वाढलेल्या. लोक त्यांच्याकडून जखमा धुऊन घ्यायचे आणि त्यांच्या हातचं पाणी मात्र प्यायचे नाहीत. उलट बाजूला बाळंतपणाच्या खोलीचं दार अडवून उभ्या राहणाऱ्या या पेशातल्याच काही बायकाही होत्या. मुलगा झाला, बक्षीस टाका, मग बाळ दाखवते. 'आज तू कोणाचा चहा घेणार, उद्या तू त्याच्या खाटेकडे पहिली जाणार,' मॅट्रनबाई म्हणायच्या. 'आणि जो चहा देऊ शकत नाही, तो वाट बघणार.' हे मला तेव्हाही पटलं, आजही पटतं.

पण खरं सांगायचं तर मला तो नियम दुसऱ्याच कारणानं आवडला. आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर एकच तसबीर, निळ्या कोटातली. माझं पहिलं पोस्टिंग माकणीच्या बाजूला एका उपकेंद्रावर झालं. बायका मोकळ्या मनानं दंड पुढं करायच्या, पोरं माझ्या मांडीवर द्यायच्या. मग चहाची वेळ व्हायची. आतून कप यायचा तो कान तुटलेला, किंवा गोठ्याच्या वळचणीला पालथा घातलेला. एका घरात तर कपच नको म्हणून माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ज्या हातांनी मी त्या घरचं बाळंतपण केलं, त्याच हातांच्या ओंजळीत. त्या दिवसापासून मी हसून सांगायला लागले, 'आम्हाला परवानगी नसते हो, आम्ही ड्यूटीवर काही घेत नाही.' झालं. कुठला कप काढायचा हा त्यांचा पेच सुटला आणि माझा अपमान वाचला. पुढं तीच सवय झाली. लोक म्हणायचे, सिस्टर लई कडक. म्हणोत बापडे.

तर गेल्या साली, एका मंगळवारी सकाळी, तामलवाडीहून एक म्हातारी आली. पोट फुगलेलं, उलट्या थांबेनात. जुना हर्निया अडकला होता आणि आतडं पिळलं गेलं होतं. सर्जन तपासून म्हणाला, लगेच घ्यावं लागेल, नाहीतर संध्याकाळ बघायची नाही. बरोबर मुलगा होता. त्यानं सही केली. म्हातारी आराधीण होती, म्हणजे तुळजाभवानीच्या नावानं माळ घेतलेली. गळ्यात कवड्यांची भलीमोठी माळ, घासून घासून पिवळट झालेली.

ऑपरेशनला नेताना अंगावरचं सगळं काढायचं असतं. पाटल्या, जोडवी, मंगळसूत्र. मी नेहमीप्रमाणे गळ्याकडं हात नेला आणि म्हातारीनं माझं मनगट पकडलं. इतक्या दुखण्यात एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

'माळंला हात लावायचा न्हाय.'

'आजी, गळा मोकळा लागतो. घशात नळी घालावी लागते.'

'मग न्हाय करायचं आपरेशन. म्या मरंन, पर माळ बिनगळ्याची ऱ्हायची न्हाय. खुंटीला न्हाय, भुईला न्हाय. आमच्या गुरूचा शब्द हाय.'

मुलगा म्हणाला, 'माझ्याकडं दे, आई.' ती त्याच्याकडं न बघताच म्हणाली, 'तुज्या तोंडातला तंबाखू आदी थुक.' सून घरी, बाळंतीण. दुसरं कुणी नव्हतं.

सर्जन तरुण आणि भला माणूस. रात्रभर तोही उभाच होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, 'सिस्टर, वाद घालायला वेळ नाही. भूल दिली की काढून ठेवा. तिला कळणारही नाही.'

'जागी झाल्यावर कळेल की, साहेब.'

'जागी झाली तर ना.' तो चिडून नव्हता बोलत. काळजीनं बोलत होता.

त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. जीव आधी, हेच आम्ही दोघंही शिकलो. पण शुद्धीत असताना जिनं हात धरून नको म्हटलं, तिच्या गळ्यातलं बेशुद्धीत काढायचं, हे मला जमेना. झोपलेल्या माणसाच्या अंगावर आपला हात असतो तो त्यानं टाकलेल्या विश्वासावर. हे मॅट्रनबाईंनीच शिकवलेलं; त्या आता नव्हत्या, म्हणून काय झालं. मी परत खाटेजवळ गेले.

'आजी, मग माळ कुणाच्या गळ्यात घालायची?'

तिनं बोट माझ्याकडं केलं. 'तुज्या घाल.'

मला हसूच आलं. 'आजी, आमच्यात देव मानत नाहीत.'

'व्हय, ठावं हाय. पोरानं तुज्या छातीवरल्या पट्टीवरचं आडनाव वाचलं मगाशी.' कळ आली म्हणून ती थांबली. 'तू मानावं म्हून सांगत न्हाय, बाई. पाळ म्हून सांगते. पाळणारी दिसतीस.'

मी विचारलं, काय काय पाळायचं ते सांगा. तिनं धापा टाकत सांगितलं. माळ उतरवायची नाही. आणि आज मंगळवार, म्हणून पाच घरं जोगवा मागायचा, मागितल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

'मागायचा?' मी विचारलं.

'मागायचाच. माळवाली मागूनच खाती.'

देवाचा प्रश्न नव्हता, कवड्या काय, गळ्यात घातल्या तर टोचतात थोड्या, एवढंच. पण मागायचं? ज्या बाईनं सगळी नोकरी 'मी काही घेत नाही' या एका वाक्याच्या आडोशाला काढली, तिनं आता वॉर्डात हात पसरायचा? आणि कुणी जुना कप काढला तर? म्हातारीचे ओठ निळसर दिसत होते. घड्याळाकडं बघायला मला वेळ नव्हता आणि तिला तर अजिबातच नव्हता.

'मागते,' मी म्हटलं. 'शब्द देते.'

तिनं स्वतःच्या हातानं माळ काढून माझ्या गळ्यात घातली आणि स्ट्रेचरवर आडवी होत म्हणाली, 'न्या आता.'

ती आत गेली आणि मी वॉर्डात, गळ्यात कवड्या घेऊन. मुली तोंडावर हात धरून हसत होत्या. मी डोळे वटारले, त्या पळाल्या. इंजेक्शनं दिली, सलाइन बदलली, दोन ड्रेसिंगं केली. डबा टेबलावर तसाच पडून होता. ऑपरेशन लांबलं. भुकेनं डोकं दुखायला लागलं तशी मी उठले. म्हातारी आत जगतेय की नाही माहीत नव्हतं, पण शब्द बाहेर माझ्याकडं होता.

जोगव्याला परडी लागते, ती कुठून आणायची? कपाटातून उकळून ठेवलेला किडनी ट्रे घेतला. पू, रक्त, काढलेले टाके, सगळं ज्या वाकड्या, मूत्रपिंडाच्या आकाराच्या ट्रेमध्ये आम्ही धरतो, तसलाच. पहिल्या खाटेशी उभी राहिले आणि आवाजच फुटेना. भाषण करणारी मी, नातेवाइकांना हाकलणारी मी. शेवटी कशीबशी पुटपुटले, 'जोगवा वाढा.'

त्या खाटेवरच्या पोरीच्या आईनं माझ्याकडं बघितलं, माळेकडं बघितलं, आणि पटकन डोक्यावर पदर घेतला. डब्यातली ज्वारीची भाकरी मोडली, वर शेंगांची चटणी ठेवली आणि ट्रेमध्ये वाढून चक्क माझ्या पाया पडली. मी मागं सरले. पुढच्या खाटेवरून केळं आलं. त्यापुढून बिस्किटं. एकीकडं काहीच नव्हतं, तिनं चिमूटभर साखर वाढली. माझे कान तापले होते. हे माळेला देतात, मला नव्हे, हे मला कळत होतं. तरीही हात मात्र माझेच पुढं होते, आणि कुणी वरून टाकलं नाही.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक बाई होती. साखरेच्या आजारानं पायाचा पंजा काढलेला. नातेवाइकांनी आणून टाकली आणि पाठ फिरवली ती फिरवलीच. तिच्या तोंडाला वॉर्डातलं कुणी लागत नसे. ड्रेसिंग करताना आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. तिच्याजवळ काय असणार म्हणून, आणि शिव्या खायची ताकद नव्हती म्हणूनही, मी तिला ओलांडून निघाले.

'का गं ए नर्सबाई! माजं घर, घर न्हाय व्हय?'

मी परत फिरले. तिनं उशीखालून रुग्णालयाचा पाव काढला, सकाळच्या नाश्त्यातला. अर्धा मोडला, मोठा भाग बघून ट्रेमध्ये ठेवला, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. टेबलाशी बसून मी ते सगळं खाल्लं. पाव कोरडा ठक्क होता, घशाखाली उतरेना. उतरेना तो कोरडा होता म्हणूनच, असं मी मुलींना सांगितलं.

म्हातारी दुपार कलल्यावर बाहेर आली. आतडं वाचलं होतं. सर्जननं मास्क खाली करून नुसती मान हलवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. शुद्धीवर येताना माणसाचा हात आपोआप जिथं दुखतं तिथं जातो. तिचा गळ्याकडं गेला. मी पुढं वाकले, माळ तिच्या बोटांना लागू दिली. मला वाटलं, आता विचारेल, भुईला टेकली का, कुणी शिवलं का. तिनं जड जिभेनं विचारलं ते एवढंच :

'जेवलीस का, बाई?'

किती वर्षांत वॉर्डात मला हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असेलही, मी 'आम्हाला परवानगी नसते' म्हणून पुढचं बोलणंच तोडलं असेल. मला रडू आलं. लपवायचंही सुचलं नाही. 'जेवले, आजी,' म्हटलं आणि तिच्या नाकातली नळी नीट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माळ परत घेतली. माझा गळा हलका झाला, कवड्यांचे वण थोडा वेळ राहिले. मी पुन्हा माझ्या नियमात आले. नियम चुकीचा नाहीच. मुलींना आजही तोच शिकवते.

पुढचा मंगळवार आला. म्हातारी अजून वॉर्डातच होती, टाके निघायचे होते. मी किडनी ट्रे घेऊन कोपऱ्यातल्या खाटेशी ड्रेसिंगला गेले. शिव्यांची तयारी ठेवूनच गेले होते. त्या बाईनं आधी ट्रेकडं बघितलं, मग उशीखाली हात घातला. अर्धा पाव. ठेवून दिलेला.

'आज मंगळवार हाय,' ती म्हणाली.

'अहो, माळ आता माझ्याकडं नाही. त्या आजींच्या गळ्यात आहे, बघा.'

'दिसतंय मला. डोळं काय कापलं न्हाईत माजं.' हात पुढंच होता. 'तुला देतीय.'

मी उभी होते. मॅट्रनबाई आठवल्या, ती ओंजळ आठवली. पाय ठणकत होते. मी ट्रे खाली ठेवला, तिच्या खाटेच्या कडेला बसले, तेही नियमात बसत नाही, आणि पाव घेतला.

'कोरडा कसा जाईल?' ती खेकसली. स्टुलावर तिचा चहा होता, दोन घोट आधीच प्यालेला. तिनं तोच कप उचलून माझ्यापुढं धरला. 'बुडव की यात.'

मी बुडवला.