वाचवलेलं वर्ष

नरहर पाटणकर आयुष्यात दोनदाच खोटं बोलले, आणि पहिल्यांदा तर सरकारी कागदावर. एरवी माणूस नाकासमोर चालणारा. एअरफोर्समध्ये पस्तीस वर्षं काढली, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि आता लखनौच्या महानगर भागात भाड्याच्या घरात गुडघ्यांना तेल चोळत बसतात. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिव्याला स्कूटर थांबवतात. मागचे भैया लोक हॉर्न वाजवून वाजवून थकतात, हे आपले ढिम्म.

तर ते पहिलं खोटं. अठरा वर्षांपूर्वी त्यांची लखनौजवळच्या बख्शी का तालाबला बदली झाली तेव्हा मुलगा निनाद साडेचार वर्षांचा होता आणि पहिलीला पाच पूर्ण लागत होती. म्हणजे पोराचं वर्ष वाया जाणार. आता आपल्या लोकांना पोराचा हात मोडलेला चालतो, पण वर्ष वाया गेलेलं काही केल्या चालत नाही. बाळंतपण बायकोच्या, कांचनच्या माहेरी, कोरेगावजवळच्या खेड्यात झालेलं. जन्माचा दाखला आणायचा राहूनच गेला होता. नरहरांनी प्रतिज्ञापत्र केलं आणि सतरा ऑगस्टची एक मार्च करून टाकली. साडेपाच महिने तर वाढवले, कोणाचं काय बिघडलं? मग दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर, पासपोर्टवर तीच एक मार्च चिकटत गेली. घरात श्रीखंड मात्र सतरा ऑगस्टलाच व्हायचं, आणि या दोन वाढदिवसांवरून घरात हसणंही व्हायचं.

अकराव्या वर्षी शाळेच्या पीटीच्या सरांनी निनादच्या हातात तो रग्बीचा लांबोडका चेंडू दिला आणि नरहरांच्या नशिबी स्कूटर आली. बख्शी का तालाबहून शहरातलं मैदान वीस किलोमीटर. थंडीत धुकं एवढं की पुढच्या ट्रकचा दिवा हाच रस्ता. पोरगा पाठीला डोकं टेकून झोपायचा आणि मैदानावर उतरला की मार खायचा. कारण चौदा वर्षांखालच्या त्या संघांत कित्येक पोरं दाढी करून यायची. त्यांच्या बापांनी वय दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी कमी लिहिलेलं. आणि आमच्या या साहेबांनी वाढवून ठेवलेलं! निनाद त्या सगळ्यांत टीचभर. वरून धरायला गेला की चिरडला जायचा, म्हणून तो खालून जायला शिकला. गुडघ्यांखाली घुसायचं, समोरच्याचे दोन्ही पाय कवटाळायचे आणि तो आडवा होईपर्यंत सोडायचं नाही.

नरहरांना त्या बापांचा भयंकर राग. सोळा वर्षांखालच्या स्पर्धेत त्यांनी तीन पानी तक्रार टाइप करून दिली. तेव्हापासून मैदानावर त्यांचं नाव पडलं कम्प्लेंट अंकल.

"तुम्हाला बोलायला तोंड आहे का?" कांचन म्हणायची.

"मी वाढवलंय. चोरलं नाही कोणाचं," नरहर म्हणायचे. आणि ते त्यांना मनापासून खरं वाटायचं.

सोळाखालून अठराखाली, मग राज्याचा संघ, मग देशाच्या शिबिराला दोनदा बोलावणं आणि दोन्हीदा शेवटच्या यादीतून नाव गळलेलं. एकदा गळपट्टीचं हाड मोडलं. बरोबरचे कोण पोलीस भरतीत लागले, कोण जिममध्ये ट्रेनर झाले. निनाद गेली दोन वर्षं सकाळी मैदान, दुपारी शाळेच्या पोरांना शिकवणं आणि संध्याकाळी पुन्हा मैदान यात पार पिळून निघाला होता. नरहरही थकले होते. बापाने थकायचं नसतं वगैरे बोलायला ठीक आहे. बारा वर्षं पहाटे साडेचारला उठून बघावं.

आणि मग ती लीग आली. शहरांच्या नावाचे संघ, परदेशी खेळाडू, टीव्हीवर सामने, खेळण्याचा पगार. एका संघाची निवड चाचणी एप्रिलमध्ये लखनौलाच होती. खुल्या गटात बाहेरचे तगडे गडी. तिथे आपल्याकडच्या पोराचा निभाव लागणं कठीण. पण तरुण खेळाडूंसाठी प्रत्येक संघात चार जागा राखीव होत्या, आणि उत्तरेकडे या वयात निनादसारखा पाय धरणारा दुसरा नव्हता. त्या संघाच्या प्रशिक्षकांनीच तसं फोनवर सांगितलं होतं.

निशातगंजच्या झेरॉक्सच्या दुकानात नरहर कागदांच्या प्रती काढून घेत होते तेव्हा त्यांनी नियम नीट वाचला. एक जूनला तेवीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत.

त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. कागदावरच्या निनादला तेवीस पूर्ण होऊन महिना उलटला होता. श्रीखंडवाल्या निनादला अजून चार महिने बाकी होते.

"अंकल, कितनी कॉपी?" दुकानदाराने तिसऱ्यांदा विचारलं. नरहर तिथल्या स्टुलावर बसून राहिले.

घरी कांचनने ऐकून घेतलं. टाकून बोलली नाही, तेच जास्त लागलं. तिने भावाला फोन लावला. पंढरीनाथमामा दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत गेले; तिथल्या जुन्या नोंदवहीत सतरा ऑगस्ट शाबूत होती. दाखल्याचा फोटो मोबाइलवर आला, मागोमाग कुरिअरने कागदही आला, गोल शिक्क्याचा. निनादला यातलं काही सांगायचं नाही असं दोघांनी ठरवलं. पोराचं लक्ष चाचणीवर राहू दे.

चाचणीच्या सकाळी नरहर त्याच्या मागोमाग तासाभराने मैदानावर पोचले. संघाच्या मॅनेजरच्या टेबलापुढे रांग होती. रांगेत सगळे बापच. कोणाच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, कोणाच्या हातात घडी घातलेला कागद. पुढच्या माणसाच्या कागदाची शाई बघून नरहरांनी ओळखलं, परवाचाच दाखला आहे. आपलाही परवाचाच. त्यांना स्वतःची ती तीन पानी तक्रार आठवली आणि मान वर करवेना.

नंबर लागला. मॅनेजर वयाने लहान होता, पण डोळे रात्रपाळी केल्यासारखे.

"बर्थ सर्टिफिकेट?" त्याने कागद बघायच्या आधीच विचारलं. "अंकल, सुबह से आप ग्यारहवें हैं." त्याने बोटाने शेजारचा गठ्ठा दाखवला. त्या गठ्ठ्यात ठेवला असता तर नरहरांचा एकच कागद खरा निघाला असता, आणि तो ओळखणार कोण?

"मेरा सच्चा है," ते म्हणाले. स्वतःच्या कानांना ते फार केविलवाणं वाटलं.

"बच्चे का नाम?"

नाव ऐकल्यावर मॅनेजर थबकला. त्याने निनादचा अर्ज काढला. "इससे तो मैंने खुद पूछा था. कोच साहब इसको यंग वाले में चाहते थे. मैंने कहा, डेट में कोई गड़बड़ हो तो अभी बता दो." त्याने कागद फिरवून पुढे केला. खाली निनादच्या अक्षरात लिहिलं होतं की जन्मतारीख एक मार्च, हीच बरोबर आहे. सही. "अब आप बोलिए. आप सही हैं कि ये?"

दाखला पुढे केला तर पोरगा खोटारडा ठरणार होता. नरहरांनी शिक्क्याचा कागद घडी करून खिशात घातला.

"वही सही है," ते म्हणाले. दुसऱ्यांदा खोटं बोलले ते हे.

निनाद खुल्या गटातून उतरला. समोर फिजीचा एक खेळाडू होता, दरवाजाएवढा. नरहर जाळीला धरून उभे. सात मिनिटांत पोराने त्याला चारदा खाली घेतला, दरवेळी पायांतून. चौथ्यांदा उठताना निनाद स्वतःचा खांदा धरूनच उठला.

परतताना स्कूटर निनादने घेतली. नरहर मागे बसले. बारा वर्षांत पहिल्यांदाच.

"तू तसं का लिहून दिलंस?" त्यांनी विचारलं. "तुला माहीत होतं ना?"

"सही बोलता तो वो पूछता, गलत किसने लिखवाया," निनाद पुढे बघतच म्हणाला. "फिर मैं किसका नाम लेता, बाबा?"

नरहरांना रडू आलं. लपवण्यासारखं त्यांच्याकडे आता काही नव्हतं, म्हणून ते तसेच रडले. "चुकलं रे माझं," म्हणाले. निनादने डावा हात मागे करून त्यांचा गुडघा थोपटला आणि दुखऱ्या खांद्यामुळे लगेच पुढे घेतला.

पंधरा दिवसांनी यादी लागली. खुल्या गटात सर्वांत शेवटचं नाव निनाद पाटणकर, बदली खेळाडू. जूनमध्ये तो टीव्हीवर दिसला. पूर्ण स्पर्धेत मिळून अकरा मिनिटं. नाव आलं, खाली वय आलं, तेवीस.

"बावीस," नरहर टीव्हीकडे बघत हळूच म्हणाले.

कांचनने त्यांच्याकडे पाहिलं. "आता राहू द्या. ते वर्ष त्याने तुमच्यासाठी अंगावर घेतलंय."