मागे बसून बघा

मंडळी, राग घरात मावेना, म्हणून सायबर कॅफेत येऊन आपल्या ग्रुपला ही मेल लिहितेय.

आज दादाच्या नव्या जीपच्या स्प्रिंगा बदलायला दादा, वहिनी, दादाचा मित्र आणि मी पनवेलला गेलो होतो. वहिनीला सातवा महिना आणि आमच्या गावचा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मी म्हटलं, "दादा, मऊ स्प्रिंगा घे."

"गाडी उंच दिसाया पायजे. तू बीए झालीस, मेकॅनिक नाय!"

कडक स्प्रिंगा बसल्या. दादा आणि मित्र पुढे बसून चक्कर मारून आले. "एकदम मक्खन!"

"आता मागे बसून बघा," मी म्हटलं.

मेकॅनिक हसला. "मागे काय ताई, बायकाच बसतात ना!"

परतताना पुढची सीट अर्थातच मित्राची. मागे आम्ही दोघी. प्रत्येक खड्ड्याला वहिनी पोट धरत होती. वाटेत शिरढोणला म्हणाली, "अवो, थांबवा. मी एसटीनं येते."

दादाला वाटलं, रुसली. मी तिच्याबरोबर उतरले.

उद्या तिला तपासणीला पुन्हा पनवेलला जायचंय. दारात नवी जीप आहे आणि वहिनी एसटीची वेळ विचारतेय. तुमच्या घरी गाडी घेताना मागे बसणारीला कुणी विचारलं होतं का?